हजार रुपये महिना, की आबांचं कार्ड?

प्रश्न : ताई, आमचं गाव खटाव तालुक्यात. वडील (आम्ही त्यांना आबा म्हणतो) मराठा लाइट इन्फंट्रीतून ऑगस्ट २००० मध्ये नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आले. आता ते ७१ वर्षांचे आहेत, आई ६५ची. आबांना रक्तदाब, आईला मधुमेह आणि गुडघ्यांचा त्रास. दोघांच्या औषधांना महिन्याला साडेचार हजार लागतात. आबांनी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कधी घेतलंच नाही. पेन्शनबरोबर महिना हजार रुपये वैद्यकीय भत्ता येतो, त्यावर ते समाधानी आहेत. एक विमा एजंट दोघांसाठी पाच लाखांची पॉलिसी सुचवतोय, हप्ता वर्षाला सत्तर हजारांच्या आसपास. गावातल्या शिबिरात आबांचं आयुष्मान वय वंदना कार्डही निघालंय. माझ्या कंपनीच्या विम्यात आई-आबांना तीन लाखांचं संरक्षण आहे. ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक साताऱ्याला, एसटीने दीड-दोन तास. आबा म्हणतात, "साठ-सत्तर हजार भरायचे, वर महिन्याचे हजार सोडायचे आणि रांगेत उभं राहायचं. कशासाठी?" मी पिंपरीत नोकरी करतो. घरी आई, आबा आणि माझी मोठी बहीण असते. घटस्फोटानंतर ती माहेरीच आहे, शिवणकाम करते. यातलं काय घ्यावं?

उत्तर : आबांना ईसीएचएसचं सदस्य करा, आणि हे काम या महिन्यातच हाती घ्या. एजंटला नम्रपणे नाही म्हणा. तुमच्या कंपनीचा विमा आहे तोवर चालू राहू द्या. वय वंदना कार्डाचं काय करायचं ते पुढे सांगते.

आधी तो हजार रुपयांचा भत्ता. आबांना ती पेन्शनवरची वाढीव रक्कम वाटते, तशीच ती बहुतेक माजी सैनिकांना वाटते. पण हे पैसे कशाच्या बदल्यात येतात ते समजून घ्या. लष्करी रुग्णालयातली बाह्यरुग्ण सेवा, म्हणजे रोजची तपासणी आणि रोजची औषधं, मी घेणार नाही असं लिहून दिल्यावर हा निश्चित वैद्यकीय भत्ता सुरू होतो. १ जुलै २०१७ पासून तो महिना हजार रुपये आहे. म्हणजे आबांनी घरातल्या सगळ्यांच्या रोजच्या औषधपाण्याचा हक्क महिना हजारावर सोडून दिलेला आहे. तुमच्याच पत्रातला आकडा घ्या : औषधांना महिन्याला साडेचार हजार, वर्षाला चौपन्न हजार. त्यातले बारा हजार सरकार देतं, बेचाळीस हजार आबांच्या पेन्शनमधून जातात. आणि हे कोणी दवाखान्यात दाखल न होता.

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. ती १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. त्या दिवसापासून पुढे पेन्शनवर येणाऱ्यांना ती सक्तीची झाली आणि निवृत्तीच्या वेळीच वर्गणी कापून घेतली जाऊ लागली. आबा त्याआधी आले, म्हणून त्यांच्यासाठी ती ऐच्छिक राहिली, आणि ऐच्छिक गोष्ट आपल्याकडे राहून जाते. पण दार बंद झालेलं नाही. २००३ पूर्वीच्या निवृत्तिवेतनधारकाला आजही सदस्य होता येतं. वर्गणी एकदाच भरायची, ती हुद्द्यावर ठरते. शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,०००. दाखल झाल्यावरचा वॉर्डही त्याच क्रमाने, साधा, निमखाजगी आणि खाजगी. पलटणीत नायब सुभेदाराला 'साहेब' म्हणतात. रुग्णालयातही आबांना निमखाजगी खोलीचा हक्क आहे.

इथे एक गोष्ट इतर वाचकांसाठी सांगून टाकते, कारण ती गावोगाव माहीत नसते. १ जानेवारी १९९६ पूर्वी पेन्शनवर आलेल्यांना ही वर्गणी माफ आहे, युद्धात पती गमावलेल्या वीरपत्नींनाही माफ आहे. तुमच्या वाडीत असे कोणी म्हातारे फौजी हजाराच्या भत्त्यावर बसलेले असतील तर त्यांच्या घरी आवर्जून जा. त्यांना वर्गणीचा एक रुपयाही भरायचा नाही.

आता ६७ हजार जास्त वाटतात का, ते एजंटच्या कागदाशेजारी ठेवून पाहू. तो वर्षाला सत्तर हजार मागतोय, दर वर्षी. ईसीएचएसला तेवढीच रक्कम आयुष्यात एकदा. पॉलिसीत आजारपणं आधी लिहून द्यावी लागतात. विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून नियम थोडे सैल केले आहेत. पासष्टीपुढच्यांनाही आता पॉलिसी घेता येते, आणि आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं झाली आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला. हे सगळं चांगलंच झालं. पण ७१व्या वर्षी तीन वर्षं थांबणं म्हणजे ज्या रक्तदाबासाठी आणि मधुमेहासाठी आपण पॉलिसी घेतोय, त्यांच्यातून काही उद्भवलं तर आबांच्या चौऱ्याहत्तरीपर्यंत विमा हात वर करू शकतो. एजंटच्या कागदावर 'सहभुगतान' किंवा को-पे असा शब्द शोधा. या वयाच्या पॉलिसीत तो बहुतेक वेळा असतो. वीस टक्के असेल तर तीन लाखांच्या बिलात साठ हजार आबांचे. खोलीच्या भाड्यावर मर्यादा असेल तर आणखी कापाकापी. आणि एवढं करून आईच्या रोजच्या गोळ्या त्यात नाहीतच.

ईसीएचएसमध्ये वयाची अट नाही. आजाराची अट नाही. सदस्य होताना कोणी साखर किती, दाब किती असं विचारून नाकारत नाही, आणि थांबण्याची मुदतही नाही. उपचाराच्या खर्चाला पाच लाख, दहा लाख अशी वरची मर्यादा घातलेली नाही. पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टर तपासतात, औषधं तिथेच मिळतात. पुढचा उपचार लागला तर रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, मिळतं आणि पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेची मान्यता असलेल्या, खाजगी रुग्णालयात किंवा लष्करी रुग्णालयात पैसे न भरता उपचार होतात. बाजारात कुठलीही कंपनी ७१ वर्षांच्या माणसाला अशी पॉलिसी विकणार नाही. ही गोष्ट आबांना मिळते ती त्यांनी पलटणीत घातलेल्या वर्षांमुळे, आणि ती न घेता पडून राहावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवर येते. तुमची ताई घरी आहे, घटस्फोट झालेला आहे, शिवणकाम करते. तिचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, पण माझा निर्णय तिच्यामुळेच पक्का झाला.

ईसीएचएसमध्ये मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत, कमावता होईपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवरच अवलंबित धरला जातो. म्हणून तुम्ही त्यात बसत नाही. मुलीला मात्र वयाची अट नाही. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी वडिलांवर अवलंबून असेल तर चाळिशीतही तिला कार्ड मिळतं. अट उत्पन्नाची : सगळ्या मार्गांनी मिळून महिन्याला नऊ हजार रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता, यापेक्षा कमी. गावातल्या शिवणकामात ती या मर्यादेत असेल असं मी धरते. पुन्हा लग्न झालं तर हक्क संपेल, आणि ते आनंदानेच संपू द्यावं. पण तोवर तिचं आजारपण कोण बघणार? एजंटच्या पॉलिसीत ती नाही. तुमच्या कंपनीच्या विम्यात ती नाही. वय वंदनात ती नाही. तुम्ही चार पर्याय मोजलेत, त्यातल्या तिघांत तुमच्या बहिणीला जागाच नाही. आबांच्या कार्डात आहे.

आणि आबांनंतर? हे लिहायला जड जातं, पण अशा पत्राला उत्तर देताना ते टाळून चालत नाही. आबांच्या पश्चात आई कुटुंब निवृत्तिवेतनधारक होते आणि तिचं सदस्यत्व पुढे चालू राहतं, नवीन वर्गणी न भरता. तुम्ही नोकरी बदललीत, कंपनीने विम्याचे नियम बदलले, तरी त्याला धक्का लागत नाही. नोकरीवर टांगलेला विमा आई-वडिलांच्या म्हातारपणाला पुरेल यावर मी विसंबणार नाही.

वय वंदना कार्डाबद्दल. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाखांचं संरक्षण दिलं. चांगली योजना आहे, आणि आबांनी ते कार्ड काढलं यात काही चुकलं नाही. त्या दिवशी ते ईसीएचएसचे सदस्य नव्हते. पण ईसीएचएस, सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) अशा सरकारी योजनांच्या लाभार्थ्यांना दोन्ही एकदम ठेवता येत नाही. एकीचीच निवड करावी लागते. खाजगी पॉलिसीवाल्याला ही अडचण नाही, माजी सैनिकाला आहे. शिबिरातली पोरं घाईत असतात, हे कोणी समजावून सांगत नाही. निवड करायची वेळ आली तर ईसीएचएस ठेवा. वय वंदना दाखल झाल्यावरच उपयोगी पडतं, त्यात महिन्याची औषधं नाहीत, पाच लाखांची मर्यादा आहे, आणि आई पासष्टीची असल्यामुळे तिला अजून पाच वर्षं ते मिळणारच नाही.

राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. तीही आता पाच लाखांची झाली आहे आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या रेशनकार्डालाही खुली आहे. म्हणजे आई आणि ताईला आज काहीच आधार नाही असं नाही. पण ती यादीतल्या शस्त्रक्रिया आणि उपचारांपुरती. आईच्या रोजच्या औषधांचा प्रश्न ती सोडवत नाही.

आता आबांच्या रांगेबद्दल. त्यांचं म्हणणं खोटं नाही, आणि ते खोडून काढायला मी जाणार नाही. पॉलिक्लिनिकमध्ये सकाळी गर्दी असते. लिहून दिलेल्या पाच औषधांपैकी दोन नसतात. मग ती अधिकृत औषध दुकानातून मागवतात, तेव्हा पुन्हा यावं लागतं. सरकारकडून बिलं थकली की काही खाजगी रुग्णालयं पॅनेलवरून बाहेर पडतात किंवा खाटा नाहीत असं सांगतात. खटावातून साताऱ्याला जाऊन हे सोसायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा एक दिवस जातो. पण तो दिवस महिन्यातून एकदा येतो. एसटीत पासष्टीपुढच्यांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढे प्रवास फुकट, आणि आईला महिला म्हणूनही अर्धंच. महिन्याला साडेचार हजारांची औषधं हातात पडणार असतील तर ती फेरी माझ्या हिशेबात सार्थकी लागते. ताई बरोबर गेली तर रांगेत एक जण उभा आणि दोघं बाकावर, अशी व्यवस्थाही होते. तिचंही कार्ड असणारच आहे.

माझे वडील हवालदार होते. त्यांचं कार्ड होतं, आणि तरीही आम्ही चुकलो. ती चूक तुमच्या घरी होऊ नये म्हणून सांगते. एका रात्री अडीच वाजता त्यांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांच्या जीपमधून तालुक्याच्या गावातल्या सर्वात जवळच्या खाजगी रुग्णालयात नेलं. ते बरोबरच होतं, जीव वाचला तो त्यामुळेच. पण ते रुग्णालय पॅनेलवर नव्हतं. अशा तातडीच्या वेळी पॅनेलबाहेरच्या ठिकाणी उपचार घेता येतात. मात्र अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं. आधी पैसे आपण भरायचे आणि मग परतावा मागायचा. आम्ही सगळे आयसीयूच्या दाराशी बसलेलो. कळवायचं कोणाला सुचलंच नाही. चौथ्या दिवशी भाऊ पॉलिक्लिनिकला गेला तेव्हा उशीर झाला होता. मग खुलासे, प्रमाणपत्रं, फेऱ्या. परतावा आला तो बऱ्याच महिन्यांनी, आणि बिलाच्या निम्म्याहून कमी, कारण परतावा सरकारी दरांनी मिळतो, रुग्णालयाने लावलेल्या दरांनी नाही. त्या वर्षी आईच्या पाटल्या गहाण गेल्या. वडिलांना ते कळलं तेव्हा ते दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

म्हणून कार्ड हातात आलं की त्याच दिवशी दोन गोष्टी करा. साताऱ्यातल्या आणि कऱ्हाडकडच्या पॅनेलवरच्या रुग्णालयांची ताजी यादी पॉलिक्लिनिकमधून घ्या आणि प्रत्येक नावापुढे ते कुठल्या आजारांसाठी पॅनेलवर आहे ते लिहा. याच ठिकाणी लोक फसतात. एखादं रुग्णालय डोळे आणि हाडांसाठी पॅनेलवर असतं, हृदयासाठी नसतं, आणि पाटीवर मात्र नुसतं 'ईसीएचएस मान्यताप्राप्त' लिहिलेलं असतं. दुसरं, पॉलिक्लिनिकचा फोन नंबर ताईच्या मोबाइलमध्ये आणि भिंतीवर, दोन्हीकडे असू द्या. तातडीच्या वेळी पॅनेलवरच्या रुग्णालयात रेफरलशिवायही थेट दाखल होता येतं. तेव्हा ईसीएचएसला कळवायचं काम रुग्णालयाचं असतं, पण कळवलंय का हे आपण विचारायचं.

तुमच्या कंपनीचा विमा चालू ठेवा म्हणाले ते याच रात्रींसाठी. पॅनेलबाहेर जावं लागलं, किंवा आई-आबा तुमच्याकडे पिंपरीला आलेले असताना काही झालं, तर ते तीन लाख कामाला येतील. आईच्या गुडघ्यांसाठी मात्र तो खर्च करू नका. गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरवून करायची गोष्ट आहे. त्यासाठी साताऱ्याहून रेफरल घ्या आणि पुण्यात करा. पुण्यात तुम्हाला जे उपलब्ध आहे ते फार थोड्या शहरांत आहे : वानवडीचं कमांड हॉस्पिटल, खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल, आणि हृदयासाठी आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ कार्डिओ थोरॅसिक सायन्सेस. तिथे जागा आणि सोय असेल तसं माजी सैनिकांना घेतात. थोडं थांबावं लागलं तरी आबा तिथे खूश राहतील, असा माझा अंदाज आहे. माझे वडील कमांड हॉस्पिटलच्या वॉर्डात गेले की पाठ ताठ करून बसायचे. कार्ड देशातल्या कुठल्याही पॉलिक्लिनिकमध्ये चालतं, त्यामुळे ते तुमच्याकडे महिनाभर राहिले तर खडकीतही औषधं घेता येतील.

आता कागद. खरी दमछाक इथे होते, तेव्हा हा भाग नीट वाचा. अर्ज ईसीएचएसच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा आहे, तो तुम्ही पिंपरीत बसून भरू शकता. आबांचं सैन्यातलं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, समोर ठेवा. त्यात आईचं नाव कसं लिहिलंय ते अक्षर न् अक्षर आधारशी ताडून पाहा. आपल्याकडे पलटणीच्या कारकुनाने 'सुमन' लिहिलेलं असतं, आधारवर 'सुमनबाई' असतं, पॅनवर तिसरंच. जन्मतारीख तर अनेक बायकांची अंदाजानेच घातलेली. प्रत्येकासाठी वेगळं कार्ड निघतं आणि नाव जुळलं नाही की अर्ज परत येतो. दुरुस्ती आधारमध्ये सोपी असेल तर तिथे करा. सैन्याच्या नोंदीत करायची असेल तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागेल, आणि त्याला वेळ लागतो. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हे अर्ज लिहून द्यायला मदत करतात. तिथे आबांना ओळखणारं कोणी ना कोणी भेटेलच.

ताईसाठी घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत, ती अवलंबून असल्याचं आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र लागेल. तडजोड पंचांपुढे झाली असेल आणि कोर्टाचा हुकूम नसेल, तर कागदावर ती अजून विवाहित आहे आणि तिला कार्ड मिळणार नाही. तसं असेल तर आधी वकिलाला गाठा. गावाकडे हे फार वेळा घडतं, आणि त्या बाईला स्वतःलाही ते माहीत नसतं.

वर्गणी भरून अर्ज मंजुरीच्या वाटेवर लागला की कार्ड येईपर्यंत तात्पुरती पावती मिळते, ती जपून ठेवा. हजाराचा भत्ता बंद करण्याचं काम विसरू नका. सदस्य झाल्यावरही तो पेन्शनमध्ये येत राहिला तर आनंद मानू नका. दोन-चार वर्षांनी एकरकमी वसुली होते आणि पेन्शन अचानक कमी आली की म्हातारी माणसं घाबरतात. सैनिकांच्या पेन्शनच्या ऑनलाइन 'स्पर्श' प्रणालीवर आबांची पेन्शन स्लिप दर महिन्याला उघडून तो रकाना रिकामा झाल्याचं स्वतः बघा.

एक सांगायचं राहिलं, गावातल्या तरुण पोरांसाठी. अग्निवीर म्हणून चार वर्षं करून परत येणाऱ्यांना ईसीएचएस नाही. त्यांच्या घरच्यांनी "फौजेत आहे, आयुष्यभराचं दवाखान्याचं भागलं" असं धरून चालू नये. पंचविशीत विमा स्वस्त मिळतो आणि आजार नसतात, तेव्हाच घेऊन ठेवावा.

आबांशी बोलताना सदुसष्ट हजारांचा हिशेब मांडू नका. नऊ-दहा वर्षांत भत्त्यातून किती मिळालं आणि औषधांवर किती गेलं, हा वाद सुरू झाला की ते "आता कशाला" म्हणून उठून जातील. वर्गणी तुम्ही भरा, जमल्यास अर्धी-अर्धी. त्यांना सांगायचं ते एवढंच : हे कार्ड तुमच्यासाठी आम्ही मागत नाही, ताईसाठी मागतोय, आणि ते तुमच्याशिवाय दुसरं कोणी देऊ शकत नाही. त्यांनी पंचवीसएक वर्षं पलटणीत काढली आहेत. आपल्या माणसासाठी काही करायचंय म्हटल्यावर ते रांगेची तक्रार करणार नाहीत.

आज रात्री फोन कराल तेव्हा त्यांना डिस्चार्ज बुक पेटीतून काढायला सांगा. मुलांच्या नावांच्या पानावर ताईचं नाव आणि जन्मतारीख काय लिहिली आहे, ते त्यांनाच वाचून दाखवू द्या. नाव नसेल किंवा तारीख जुळत नसेल तर मला पुन्हा लिहा. बेळगावला पाठवायच्या अर्जाचा मसुदा मी करून देईन.